एक डी हवा होता

नव्या लॅपटॉपमध्ये फक्त सी असतो. एकटाच. ज्यांनी कॉम्प्युटर पहिल्यापासून असाच पाहिला त्यांना यात काही खटकत नाही. पण ज्यांनी नव्वदच्या दशकात ओळखीच्या असेंबलरकडून, “बिल पाहिजे की तसंच?” या प्रश्नाला ‘तसंच’ असं उत्तर देऊन पहिला पीसी घरी आणला, त्यांच्या पोटात गोळा येतो. तो असेंबलर जाताना दारात चपला घालता घालता एक मंत्र देऊन जायचा. “साहेब, सी मध्ये काही ठेवायचं नाही. विंडोज उडालं की सी उडणार. तुमचं जे काय असेल ते डी मध्ये.”

आमच्या पिढीने आईवडिलांचं ऐकलं नसेल इतकं त्या माणसाचं ऐकलं. सी विंडोजचा, डी डेटाचा, ई गाण्यांचा आणि सिनेमांचा. एफ कशाचा ते कोणाला आठवायचं नाही, पण तो कायम भरलेला असायचा. ए आणि बी फ्लॉपीचे. फ्लॉपी काळाच्या पडद्याआड गेल्या, तरी विंडोज आजही बाराखडी सी पासूनच सुरू करतं. सी ते एफ हे चारही ड्राइव्ह मुळात एकाच हार्ड डिस्कचे तुकडे असत आणि ती जळाली की चौघेही एकदमच जात, हे मात्र असेंबलरने कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. श्रद्धेच्या बाबतीत फार चौकशा करायच्या नसतात.

तर माझ्या नव्या लॅपटॉपमध्ये डी नव्हता. सोसायटीचे हिशेब, कोकणातले फोटो, विजेची बिलं, मुलीची पत्रिका, सगळं सी मध्ये उघड्यावर. मला झोप लागेना.

“विंडोज उडालं तर?” मी मुलीला विचारलं.

“आता विंडोज उडत नाही रे, बाबा. आणि सगळं क्लाउडवर असतं.”

“आणि क्लाउड उडाला तर?”

ती उठून आत गेली. हल्लीच्या मुलांना मूलभूत प्रश्न झेपत नाहीत.

मग मी भाच्याला फोन केला. तो आयटीत आहे, म्हणजे घरातल्या सगळ्यांचा प्रिंटर त्याच्या जिवावर चालतो. तो म्हणाला, “मामा, व्हर्च्युअल डिस्क कर. एक फाइल असते. तिला डिस्क असल्याचं सोंग घ्यायला लावायचं. विंडोजला ती खरीच डिस्क वाटते.”

“म्हणजे ती डिस्क आहे की नाही?” हिने स्वयंपाकघरातून विचारलं.

“आहे. पण नाही.”

“आणि ठेवणार कुठे?”

“सी मध्येच.”

“मग सी उडाला की?”

हा प्रश्न मी ऐकलाच नाही. पोळ्या लाटता लाटता माणसाने तंत्रज्ञानाच्या मुळाशी जाऊ नये.

भाचा पुढे असंही म्हणाला की हे काम माऊसने होतं. डिस्क मॅनेजमेंट उघडायचं, वरच्या मेनूत ‘क्रिएट व्हीएचडी’ असतं, दोन-चार क्लिक, संपलं. विंडोज ७ पासून म्हणजे २००९ पासून ही सोय आहे. पण मला माऊसने करायचंच नव्हतं. मला तो काळा पडदा हवा होता. माऊसने काम करणारा माणूस काम करतोय असं घरात कोणाला वाटत नाही. ‘जरा दळण घेऊन या’ असं त्याला बिनदिक्कत सांगता येतं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं चालू असली की मात्र माणसं मागून चवड्यांवर जातात. वॉशिंग मशीन दुरुस्त करायला आलेल्या मुलाने एकदा माझा काळा पडदा बघितला होता. त्याने पैसे सांगताना मला दोनदा ‘सर’ म्हटलं. प्रत्यक्षात मी तेव्हा ‘डी आय आर’ टाइप करून फोल्डरची यादी बघत होतो.

सुरुवात पॉवरशेलपासून झाली, कारण कोणीतरी सांगितलं होतं की हल्ली सगळे शहाणे तेच वापरतात. त्याचा पडदा निळा. मी ‘न्यू-व्हीएचडी’ असं छान लिहिलं. त्याने तांबड्या अक्षरांत एक परिच्छेदभर सुनावलं की असला शब्द त्याने आयुष्यात ऐकलेला नाही. भाचा म्हणाला, “मामा, ती कमांड हायपर-व्हीबरोबर येते. तुझ्या होम एडिशनमध्ये हायपर-व्ही नसतं.” घर चालवणाऱ्या माणसाला कमी हत्यारं द्यायची, हा जगाचा नियम तिथेही पाळलेला होता.

राहता राहिला डिस्कपार्ट, म्हणजे काळ्या पडद्यावरून डिस्कची कामं करणारा विंडोजचाच प्रोग्राम. हा जुनाजाणता. आधी काळा पडदा ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणून उघडायचा. लॅपटॉप माझा, पैसे माझे, ॲडमिनिस्ट्रेटर मी, तरी विंडोज सगळा पडदा अंधारून विचारतं, ‘या प्रोग्रामला बदल करू द्यायचे का?’ हो म्हटलं. मग ‘डिस्कपार्ट’ टाइप केलं. तो आपली आवृत्ती, कॉपीराइट आणि ‘ऑन कॉम्प्युटर’ म्हणून माझ्या यंत्राचं नाव सांगतो. माझ्या लॅपटॉपचं नाव ‘डेस्कटॉप’पासून सुरू होतं. ते मी ठेवलेलं नाही. विंडोजने बारशालाच ठेवलं.

आणि मग तो गप्प बसतो. नुसतं ‘डिस्कपार्ट’ आणि पुढे एक बाण. मेनू नाही, बटण नाही, ‘आपली काय सेवा करू’ नाही. कचऱ्याच्या डब्यातली एक फाइल कायमची काढायची तरी विंडोज ‘नक्की ना?’ असं विचारतं. डिस्कपार्ट काही विचारत नाही. ‘सिलेक्ट डिस्क १’ म्हटलं की डिस्क १ निवडतो आणि यादीत तिच्यापुढे एक बारीकशी चांदणी काढतो. त्यानंतर ‘क्लीन’ म्हटलं की त्या डिस्कवरची सगळी विभागणी पुसून टाकतो आणि काम यशस्वी झाल्याचं एका ओळीत कळवतो. मधे एक ‘हो-नाही’सुद्धा नाही.

“मामा,” भाचा म्हणाला, “ज्या डिस्कवर विंडोज चालू आहे ती तो साफ करू देत नाही. स्वतःचा गळा तो कापत नाही. बाकीच्यांचा बिनबोभाट कापतो. तेव्हा क्लीन हा शब्द तू टाइपच करायचा नाहीस.”

फोन स्पीकरवर होता. “त्यांना नको सांगूस रे,” ही म्हणाली. “घरात एवढी वर्षं त्यांनी ते केलेलं नाही.”

आता मुख्य कमांड. ‘क्रिएट व्हीडिस्क’, मग ‘फाइल’ बरोबर फाइलचा पत्ता, मग ‘मॅक्सिमम’ बरोबर आकार. फोल्डरच्या नावात मोकळी जागा असेल तर पत्ता अवतरणचिन्हांत हवा. हे मला डिस्कपार्टने सांगितलं, पण त्याच्या पद्धतीने, म्हणजे नकार देऊन. आकार ५० जीबी हवा होता म्हणून ‘मॅक्सिमम’पुढे ५० लिहिले. क्षणार्धात झालं! एवढा चपळ लॅपटॉप घेतल्याबद्दल मी स्वतःची पाठ थोपटली. डिस्क जोडली, फॉरमॅट केली आणि कोकणातले फोटो टाकायला घेतले. गणपतीपुळ्याला पोचायच्या आतच डिस्क भरली. हा आकडा एमबीत असतो. पन्नास जीबी हवे तर ५१२०० लिहायचे. हजाराने नव्हे, १०२४ ने गुणायचं. जगात सगळीकडे दशमान पद्धत आली तरी कॉम्प्युटरवाल्यांनी आपले आणे-पै सोडलेले नाहीत.

५१२०० लिहिले. आता तो मिनिटामिनिटाने ‘१ पर्सेंट कम्प्लिटेड’, ‘२ पर्सेंट कम्प्लिटेड’ म्हणत बसला. जेवण झालं, बातम्या झाल्या. पूर्ण झालं तेव्हा सी ड्राइव्हची पट्टी लालभडक. कारण प्रकार सांगितला नाही तर डिस्कपार्ट ‘फिक्स्ड’ धरतो. म्हणजे पन्नास जीबीची जागा आधीच अडवून ठेवतो, मग त्यात तुम्ही एक बिल ठेवा नाहीतर काहीच ठेवू नका. शेवटी ‘टाइप’ बरोबर ‘एक्सपांडेबल’ लिहायचं असतं हे कळलं, आणि इथून माझ्या अधःपतनाला सुरुवात झाली.

एक्सपांडेबल डिस्क म्हणजे बिल्डरचं माहितीपत्रक. त्यात पोहण्याचा तलाव असतो, जॉगिंग ट्रॅक असतो, झाडं तर केव्हाचीच मोठी झालेली असतात, आणि जागेवर बघायला गेलं तर चुन्याच्या चार रेघा. विंडोजला तुम्ही सांगता डिस्क एवढी मोठी आहे, विंडोज ते मान्य करतं, आणि मूळ फाइल मात्र जेमतेम काही एमबीची असते. जसं भराल तशी फुगते. भरलेलं काढलं तरी उतरत नाही. त्यासाठी ‘कॉम्पॅक्ट’ नावाची निराळी कमांड द्यावी लागते, तीही डिस्क सोडवून किंवा नुसती वाचण्यापुरती जोडून.

मला फक्त एवढंच दिसलं की जागा मागायला पैसे पडत नाहीत. जुन्या व्हीएचडी प्रकारात २०४० जीबीपर्यंत जाता येतं, म्हणून मी तेवढे मागितले. मिळाले! मग भाचा म्हणाला की विंडोज ८ बरोबर, २०१२ मध्ये, व्हीएचडीएक्स नावाचा नवा प्रकार आला, त्यात ६४ टीबी चालतात. मी कॅल्क्युलेटर घेतला आणि ६७१०८८६४ हा आकडा एकेक अंक मोठ्याने म्हणत टाइप केला. डिस्क जोडली, ‘लिस्ट डिस्क’ म्हटलं, आणि २५६ जीबीच्या लॅपटॉपच्या यादीत ६४ टीबी अशी ओळ आली. फॉरमॅटच्या भानगडीत मी पडलोच नाही. मला ती यादीतच हवी होती. फोटो काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘घरच्या घरी.’

पहिला प्रतिसाद दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त बँक मॅनेजरकाकांचा आला. ‘अभिनंदन सेक्रेटरी. सवडीने येतो.’ मला तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

या सगळ्यात मला एक गोष्ट मात्र मनापासून आवडली. व्हीएचडी हा प्रकार मायक्रोसॉफ्टने काढलेला नव्हे. कॅलिफोर्नियात कनेक्टिक्स नावाची एक कंपनी होती. कॉम्प्युटरच्या डोक्यावर बसवायचा तो गोल डोळा, क्विककॅम, तोही त्यांचाच. त्यांनी मॅकिंटॉशवर विंडोज चालवण्यासाठी व्हर्च्युअल पीसी नावाचं सॉफ्टवेअर केलं आणि ही सोंगाड्या डिस्क त्यातली. २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो माल विकत घेतला. पण प्रत्येक व्हीएचडी फाइलच्या अगदी शेवटी ५१२ बाइटची एक शेपटी असते आणि तिची सुरुवात आजही त्या कंपनीच्या नावाने होते. गंमत म्हणजे नावासाठी जागा आठ अक्षरांची आणि इंग्रजी स्पेलिंग नऊ अक्षरांचं. म्हणून त्यांनी आपल्याच नावातला एक ‘एन’ गाळला. ज्यांच्या बापजाद्यांची लांबलचक आडनावं रेल्वेच्या फॉर्मच्या चौकोनांत मावली नाहीत, त्यांनाच त्या गेलेल्या ‘एन’चं दुःख कळेल.

नावाचा त्रास मलाही झाला. मी फाइलचं नाव अभिमानाने देवनागरीत ठेवलं होतं. विंडोजला ते चाललं, पण काळ्या पडद्यावर नुसते चौकोन उमटले. पुढे अशा दोन फाइली झाल्या आणि कुठले चौकोन सोसायटीचे आणि कुठले कोकणाचे ते ओळखता येईना. शेवटी निमूटपणे इंग्रजीत ‘हिशेब’ लिहिलं.

आणि ज्यासाठी हा खटाटोप, तो डी? ‘असाइन लेटर’ बरोबर ‘डी’ असं लिहिलं तर उत्तर आलं, हे अक्षर मोकळं नाही. डी कोणाकडे? लॅपटॉपच्या कडेला खोचलेल्या पेन ड्राइव्हकडे. तो हिच्या भजनी मंडळाचा होता. हार्मोनियमच्या साथीसकट तो डी होऊन बसला होता. मी तो काढायला गेलो तर, “हात लावू नका, उद्या कार्यक्रम आहे.” रात्री सगळे झोपल्यावर तो हळूच काढला, डी मिळवला, सगळं हलवलं आणि समाधानाने लॅपटॉप बंद केला. सकाळी चालू केला तर डी गायब.

“कालपर्यंत होता ना?” ही म्हणाली. घरात एखादी व्यक्ती परागंदा झाल्यावर विचारतात तसा सूर.

डिस्कपार्टने जोडलेली डिस्क लॅपटॉप बंद झाला की सुटते. दर वेळी ‘सिलेक्ट व्हीडिस्क’, ‘अटॅच व्हीडिस्क’ हा जप करायचा. फाइलवर दोनदा क्लिक केलं तरी जोडली जाते, पण मग काळा पडदा कुठे राहिला? तेव्हा कमांडी एका साध्या फाइलमध्ये लिहून ठेवायच्या आणि डिस्कपार्टला ती वाचायला द्यायची, अशी युक्ती भाच्याने सांगितली. ती जमली. रोज सकाळी डी उगवायला लागला. इथे थांबायला हवं होतं. पण ज्या माणसाला कमांड लागू पडली तो थांबत नाही.

“मामा, प्रयोग करायचे तर मूळ डिस्कवर नको करूस,” भाच्याने सांगितलं. “तिच्यापासून एक मूल काढ. नवी डिस्क करताना ‘पेरंट’ म्हणून जुनीचं नाव द्यायचं. मुलात फक्त झालेले बदल राहतात. बाकी सगळं ते बापाकडून वाचतं.”

हे मला फारच पटलं. मुलाने स्वतःचं असं थोडंसंच करायचं, बाकी सगळं बापाच्या जिवावर, आणि वरून स्वतंत्र डिस्क म्हणून मिरवायचं. ही रचना कॅलिफोर्नियाची असेल यावर माझा विश्वास बसेना. अट एकच होती. बापाने आता बदलायचं नाही. काडीचंही नाही. मुलाने आपल्याजवळ बापाची ओळख नोंदवून ठेवलेली असते. बाप बदलला की ती ओळख जुळत नाही.

मी मूल काढलं. दोन दिवस छान चाललं. मग सोसायटीच्या जुन्या नोटिशीत ‘पाणीपुरवठा’ मधली वेलांटी चुकलेली दिसली. ती मूळ डिस्कवर होती. दुरुस्त करायला कितीसा वेळ लागतो? मूळ डिस्क उघडली, वेलांटी दीर्घ केली, बंद केली. त्यानंतर मूल उघडायला गेलो तर त्याने थेट सांगितलं की ही साखळी तुटली आहे आणि वडिलांची ओळख जुळत नाही.

“मामा, बापाला हात लावलास?”

“एक वेलांटी.”

“मामा...”

“अरे, शुद्धलेखन होतं!”

फोनवर बराच वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, मूल आणि बाप एकत्र करायची ‘मर्ज’ नावाची कमांडही आहे, पण ती दोघांचं एकमेकांशी पटत असतानाच चालते. पटेनासं झाल्यावर उपयोग नसतो. हे त्याने माहिती म्हणून सांगितलं. हिने पलीकडून “ऐका” असं म्हटलं, ते कोणाला उद्देशून होतं ते मी विचारलं नाही.

मूल टाकून द्यायचं ठरलं. तेवढ्यात त्या ६४ टीबीच्या फाइलचीही आठवण झाली. यादीत दिसावी म्हणून तीही मी त्याच युक्तीने रोज सकाळी जोडत होतो. ती पुसायला गेलो तर विंडोज म्हणे, ही वापरात आहे. “कोण वापरतंय?” तर ‘सिस्टीम’. म्हणजे मी सोडून सगळे. आधी ‘डिटॅच’ करायला हवं होतं. काळा पडदा उघडला, डिस्कपार्ट म्हटलं, आणि त्याच क्षणी बेल वाजली.

मॅनेजरकाका. हातात मखमली पाऊच. पाऊचमध्ये एक्स्टर्नल हार्ड डिस्क.

“सेक्रेटरी, तुमच्याकडे चौसष्ट टीबी रिकामे पडलेत. माझं सगळं एक टीबीत आहे. युरोपची ट्रिप, नातीचं बारसं, एकसष्टी. एक प्रत तुमच्याकडे ठेवतो. बँकेत आम्ही नेहमी दुसऱ्या शाखेत प्रत ठेवायचो.”

जागा खरी नाही, हे मी त्यांना समजावून सांगायला लागलो. त्यांनी ते सहानुभूतीने ऐकलं. कर्ज मागायला आलेल्या माणसाची गोष्ट ते असेच ऐकत असणार. मग त्यांनी डिस्क लॅपटॉपला जोडली. तेवढ्यात आत हिने हाक मारली. मी चहाचे कप घेऊन बाहेर आलो तर काका माझ्या खुर्चीवर. चष्मा नाकावर, तर्जनी कीबोर्डवर.

“बसल्या बसल्या ‘हेल्प’ म्हटलं,” ते म्हणाले. “यादी दिली त्याने. अक्षरानुक्रमे आहे, व्यवस्थित. एकेक करून बघतोय. ॲक्टिव्ह झालं, ॲड झालं, ब्रेक झालं. सगळ्याला म्हणतो, आधी निवडा. आता हे क्लीन. यालाही म्हणतो, डिस्क निवडलेली नाही.”

“काका, थांबा.”

“निवडली की. शून्य, एक, दोन अशा तीन दिसतायत. एक निवडली. माझ्या एक टीबीच्या जवळपासची तीच दिसली. चांदणी पण आली बघा तिच्यापुढे. आता बाण वर दाबला की मघाचं क्लीन परत येतं, हे तुमच्या यंत्रात छान आहे.”

क्लीन परत आलं होतं. तर्जनी एंटरकडे निघाली होती. मी कप टेबलावर आदळले आणि हार्ड डिस्कची वायर धरून उपटली.

काका खुर्चीतून अर्धे उठले. एवढा संताप मी त्यांच्या चेहऱ्यावर वार्षिक सभेतसुद्धा पाहिला नव्हता.

“अहो सेक्रेटरी, काय हे! वायर अशी ओढतात का? आधी ‘सेफली रिमूव्ह’ करायचं असतं. अशाने डेटा जातो.”